घोडा एकटा नसतो

(जासई येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्य तितका तसाच ठेवला आहे.)



आजचा विषय ऐकून काहींना गंमत वाटली असेल. जासईत बसून घोड्यांच्या फोटोंबद्दल बोलायचं? आपल्या रस्त्यावर दिसतात ते कंटेनरचे ट्रेलर. पण तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्या मोबाइलमध्ये घोड्याचा निदान एक फोटो असणार, याची मला खात्री आहे. माथेरानचा असेल, अलिबागच्या किनाऱ्यावरचा असेल, नाहीतर कुणाच्या प्री-वेडिंगचा. तेव्हा विषय दूरचा नाही.

घोड्याचे सगळे फोटो आज घेत नाही. एकच प्रकार घेतो. तो डोळ्यांसमोर आणा. मागे डोंगराची धार. सकाळचं धुकं. ओलं गवत. मधोमध एक घोडा, मान जराशी वळलेली, अयाळ वाऱ्यावर. माणूस नाही, घर नाही, विजेचा खांब नाही. आणि खाली एक ओळ: ‘स्वातंत्र्य’, किंवा ‘तो क्षण कायमचा जपला’. हा फोटो आपण हजार वेळा पाहिला आहे. प्रदर्शनात पाहिला, कॅलेंडरवर पाहिला, सकाळच्या शुभेच्छांच्या मागे तर रोज पाहतो.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं ऐकताना तुम्हाला वाद घालता येईल. आपल्याकडचा निसर्गातला घोडा कधीच एकटा नसतो. त्याला एकटा दाखवणारा फोटो देखणा असू शकतो, मी नाही म्हणत नाही. पण त्या क्षणाची आठवण म्हणून तो फोटो कच्चा आहे. जे तिथे होतं त्यातलं सर्वांत महत्त्वाचं त्याने बाहेर ठेवलेलं असतं.

रानातला घोडा कुठे आहे?

पहिला प्रश्न साधा आहे. आपण ज्याला निसर्गातला घोडा म्हणतो, तो निसर्गात कसा आला? हरीण रानात आहे, बिबट्या रानात आहे. घोड्याचं तसं नाही. भारतात मोकळे कळप म्हणून ज्यांचं नाव घेतात ते आसामातल्या दिब्रू-सैखोवा राष्ट्रीय उद्यानातले घोडे. तेसुद्धा मूळचे रानटी नाहीत. दुसऱ्या महायुद्धात लष्कराने आणलेल्या घोड्यांचे ते वंशज, असं मानलं जातं. म्हणजे तिथेही मागे माणूस आहेच, फक्त तो निघून गेला आहे.

परदेशातलं एक उदाहरण घेऊ, कारण आपल्या फोटोग्राफरांच्या डोळ्यांत ते चित्र फार खोल बसलंय. दक्षिण फ्रान्समधल्या कामार्ग या दलदलीच्या प्रदेशातले पांढरे घोडे, पाणी उडवत अंगावर धावून येणारे. ते पाहून वाटतं की जगाच्या आरंभापासून हे असेच धावताहेत. प्रत्यक्षात ते घोडे कुणाच्या तरी मालकीचे असतात. त्यांना राखणारे घोडेस्वार गुराखी आहेत, आणि फोटोग्राफरांच्या गटांसाठी तेच त्यांना पाण्यातून हाकतात. हाकणारा चौकटीच्या कडेला असतो. तो आत येणार नाही, याची काळजी घेतलेली असते.

आता आपल्या जवळ या. अलिबागला ओहोटी लागली की घोडागाड्या लोकांना घेऊन कुलाबा किल्ल्याकडे निघतात. ओल्या वाळूत घोड्याचं प्रतिबिंब पडतं, मागे किल्ल्याची तटबंदी, वर ढग. सुंदर दृश्य आहे, फोटो काढावासा वाटणारच. पण त्या घोड्याच्या दिवसाचं घड्याळ काय आहे? भरती-ओहोटी. पाणी चढायच्या आत परत यायचं. किती फेऱ्या झाल्या, किती व्हायच्या, गाडीत माणसं किती बसली, यावर त्याचा आणि गाडीवाल्याचा दिवस चालतो. ही भरती-ओहोटी म्हणजे निसर्गच ना? मग गाडी कापून नुसता घोडा आणि समुद्र ठेवला, की फोटो अधिक नैसर्गिक होतो की कमी? मला वाटतं कमी होतो. त्या घोड्याचं समुद्राशी असलेलं खरं नातं गाडीतून आहे. गाडी काढली की समुद्र नुसता पडदा झाला.

माथेरानचंही तसंच. १८५० साली ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट तिथे गेले आणि गिरिस्थान वसलं, हे आपण शाळेत वाचलेलं असतं. १९०७ मध्ये छोटी रेल्वे आली. गाड्यांना वर बंदी, त्यामुळे दस्तुरी नाक्यापासून पुढे पायी, किंवा घोड्यावरून. तिथला घोडा हा डोंगराचा रहिवासी नाही, तो वाहतुकीची व्यवस्था आहे. लाल मातीचा रस्ता, त्यावर नालांचे ठसे, आणि घोड्याच्या तोंडाशी चालणारा माणूस. स्वार बदलतात, पण तो माणूस बदलत नाही. बसणाऱ्याचे पाय रिकिबीत असतात आणि त्याचे चिखलात. २०२२ च्या डिसेंबरमध्ये तिथे ई-रिक्षा प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाल्या. रस्त्यावर बसवलेल्या पेव्हर ब्लॉकचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. घोडा कुठे चालणार, किती दिवस चालणार, हा तिथे पोटाचा प्रश्न आहे. आणि आपले फोटो? कड्याच्या टोकावर एकटा उभा असलेला घोडा, धुक्यात. जणू तो स्वतःच्या मनाने सूर्यास्त बघायला आला!

पायबंद

मराठीत एक शब्द आहे, पायबंद. गैरप्रकारांना पायबंद घाला, असं आपण वर्तमानपत्रात रोज वाचतो. मुळात पायबंद म्हणजे घोड्याचे पाय बांधायची दोरी. घोडा घरात वावरत होता तेव्हाची ही भाषा. लगाम, खोगीर, रिकीब, तंग, चंदी, खरारा, मोतद्दार हे सगळे शब्द माणूस आणि घोडा यांच्या मधल्या जागेतले आहेत. नुसत्या घोड्यासाठी मराठीत जेवढे शब्द आहेत, त्याहून या मधल्या जागेचे जास्त असतील. भाषेने घोडा एकट्याने पाहिलेलाच नाही.

चरायला सोडलेला घोडा दुरून मोकळा वाटतो. जवळ गेलात तर पुष्कळदा पुढच्या दोन पायांत दोरी असते. त्याला चार पावलं टाकून चरता येतं, पळता येत नाही. आता फोटोग्राफर काय करतो? गवत उंच असेल अशी जागा धरतो. किंवा खाली वाकून, गवताच्या टोकांमधून फोटो घेतो. पार्श्वभूमी धूसर, पुढचं गवतही धूसर, आणि दोरी त्या धूसरपणात गेली. राहिलीच तर घरी येऊन बोटाच्या एका टिचकीने पुसता येते. मोबाइलमध्ये हल्ली ती सोय असतेच. आणि मग खाली लिहायचं, ‘स्वातंत्र्य’.

यात कायद्याने गुन्हा काही नाही. पण समीक्षा म्हणून आपण एवढं तरी विचारू शकतो: ज्या फोटोचा विषय स्वातंत्र्य आहे, त्याच फोटोतून दोरी पुसावी लागत असेल, तर तो फोटो कुणाच्या स्वातंत्र्याबद्दल आहे? माझं उत्तर असं की तो बघणाऱ्याच्या इच्छेबद्दल आहे. आठवडाभर लोकल, ट्रेलर, कंपनीची पाळी, आणि रविवारी दोन तास मोकळी हवा. ती इच्छा खरी आहे, तिची टिंगल करायचं कारण नाही. मात्र ती आपली आहे, घोड्याची नाही. आपण आपला श्वास घोड्याच्या नाकपुड्यांतून सोडतो आणि म्हणतो, बघा, घोडा किती मोकळा!

जॉन बर्जर या इंग्रज समीक्षकाचा प्राण्यांकडे पाहण्याविषयीचा एक निबंध आहे, १९८० च्या ‘अबाउट लुकिंग’ या पुस्तकात तो आला. त्याचा मुद्दा थोडक्यात असा, की प्राणी माणसाच्या रोजच्या जगण्यातून जसजसे गेले, तसतशी त्यांची चित्रं आणि खेळणी वाढत गेली. मुंबईचं उदाहरण घ्या. २०१५ साली उच्च न्यायालयाने व्हिक्टोरिया घोडागाड्या बेकायदा ठरवून त्या बंद करायला सांगितलं. त्यांचे फोटो मात्र भरपूर आहेत: मरीन ड्राइव्ह, चांदीसारखी चकाकणारी गाडी, दिवे. घोडे रात्री कुठे बांधले जात, त्यांना पाणी कुठून मिळत असे, न्यायालयाला हस्तक्षेप का करावा लागला, हे त्या फोटोंवरून उद्या कुणाला कळणार नाही. फोटो हजारो उरले आणि आठवण फार थोडी उरली.

चारी पाय वर

आता ‘क्षण’ या शब्दाकडे येऊ. घोडा आणि क्षण यांची गाठ छायाचित्रणाच्या इतिहासात पक्की बसलेली आहे. एडवर्ड मायब्रिज हे नाव तुम्हाला माहीत असेल. १८७८ च्या जूनमध्ये कॅलिफोर्नियात पालो आल्टो इथे त्याने धावत्या घोड्याचे फोटो घेतले. प्रश्न असा होता, की धावताना घोड्याचे चारी पाय एकाच वेळी जमिनीपासून सुटतात का? लेलँड स्टॅनफर्ड या धनिकाने खर्च केला. शर्यतीच्या रस्त्यालगत १२ कॅमेरे ओळीने मांडले, आडवे धागे ताणले, घोडी पुढे जाईल तसा धागा तुटे आणि एकेक कॅमेरा उघडे. उत्तर मिळालं: हो, सुटतात. आणि तेही पाय लांब फेकलेले असताना नाही, तर पोटाखाली गोळा झालेले असताना.

त्याआधीच्या चित्रकारांनी काय काढलं होतं? जेरिकोचं १८२१ चं एप्समच्या डर्बीचं चित्र पाहा. पुढचे पाय पुढे, मागचे मागे, घोडे जणू हवेत पसरलेले. मायब्रिजनंतर लोक म्हणाले, चित्रकार चुकले. शिल्पकार रोदँ मात्र म्हणाला की खरं चित्रकारानेच सांगितलं, कारण काळ कधी थांबत नाही आणि फोटो तो थांबलेला दाखवतो. हा वाद अजून मिटलेला नाही, आणि मिटू नयेच. आपण मराठीत घोडा ‘चौखूर’ उधळला म्हणतो. चारही खूर एका शब्दात आले, पण हवेत थांबले नाहीत. शब्दातला घोडा पळतोच आहे.

मला मायब्रिजच्या बाबतीत दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. हा माणूस आधी निसर्गाचा फोटोग्राफर म्हणून नावाजलेला होता. योसेमिटीच्या दऱ्यांचे त्याचे फोटो गाजले होते. पण घोड्याचा खरा क्षण पकडायची वेळ आली, तेव्हा त्याने निसर्ग काढून टाकला. मागे पांढरा पडदा उभारला, त्यावर रेघा आखल्या. माणूस मात्र काढला नाही. त्या प्रसिद्ध मालिकेत घोडीवर स्वार आहे. आपला आजचा फोटोग्राफर नेमकं उलट करतो: निसर्ग भरतो आणि माणूस काढतो. मायब्रिजला घोडा कसा धावतो हे हवं होतं. आपल्याला घोडा पाहून काय वाटतं, ते हवं असतं. दोन्ही हवं असणं ठीक आहे, पण दुसऱ्याला पहिल्याचं नाव देऊ नये.

आणि आता तर क्षण पकडायचाही राहिला नाही. कॅमेरा सेकंदाला दहा, वीस फोटो घेतो. घोडा समोरून गेला की दोनशे फोटो होतात. त्यातला ‘तो क्षण’ आपण रात्री पडद्यावर निवडतो. अयाळ चांगली उडालेली, डोळा उघडा, पाय उचललेला. म्हणजे जो क्षण आपण ‘जगलो’ म्हणतो, तो त्या वेळी आपल्याला दिसलेलाच नव्हता. दिसला तो घरी.

आपल्या जुन्या चित्रांतला घोडा

आपल्याकडे घोड्याच्या प्रतिमा काही कमी नाहीत, आणि त्या फोटोच्या आधीच्या आहेत. देव्हाऱ्यातला खंडोबाचा टाक आठवा. बोटभर धातूचा पत्रा, पण त्यात घोडा आहे, खंडोबा आहे, बहुतेक टाकांत पाठीशी म्हाळसा आहे. गावाच्या वेशीवरचे वीरगळ पाहा. अनेक दगडांवर घोडा आहे आणि लढणारा माणूस आहे. मीर मुहम्मदने काढलेलं शिवाजी महाराजांचं अश्वारूढ चित्र, जे मनुचीच्या संग्रहातून पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात गेलं, त्यातही महाराज घोड्यावर आणि सोबतचे लोक पायी चालताहेत. घोडा, स्वार आणि चालणारे अशी ती एक पूर्ण ओळ आहे.

मकबूल फिदा हुसेन पंढरपुरात जन्मले. त्यांचे घोडे जगभर गेले. त्या घोड्यांच्या मागे मोहरमच्या मिरवणुकीतला दुलदुल आहे, असं सांगितलं जातं. दुलदुलवर कुणी बसलेलं नसतं, तरी तो घोडा मोकळा नसतो. तो कुणाचा तरी शोक वाहत असतो.

पंढरपूरचं नाव निघालंच आहे, तर वारीकडे जाऊ. महाराष्ट्रात घोड्याचे सर्वांत जास्त फोटो जिथे निघतात, अशी जागा म्हणजे रिंगण. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखी सोहळ्यातले अश्व बेळगावकडच्या अंकलीहून शितोळे सरकारांकडून येतात. दोन घोडे असतात. एकावर पताका घेतलेला स्वार. दुसरा माउलींचा. त्याच्यावर कुणी बसत नाही. म्हणजे डोळ्यांना दिसायला तो रिकामा. पण रिंगणात उभ्या असलेल्या कुणालाही विचारा, तो रिकामा आहे का? ‘माउली बसलेत’ असं उत्तर येईल.

इथे फोटोग्राफरची खरी परीक्षा आहे. मी रिंगणाचे तीन प्रकारचे फोटो पाहतो. पहिला ड्रोनचा: वरून गोल, मधे पालखी, माणसांच्या रांगांची नक्षी, घोडा एक ठिपका. तो फोटो व्यवस्था दाखवतो. दुसरा लांबच्या लेन्सचा: घोडा हवेत, पाय पोटाखाली, मागे गर्दीचा नुसता रंगांचा पट्टा. तो फोटो वेग दाखवतो, आणि घोडा डर्बीतला आहे की वारीतला हे त्यातून नीट कळत नाही. तिसरा प्रकार फार थोडे लोक काढतात. त्यात घोडा पुढे निघून गेलेला असतो, चौकटीच्या कडेला नुसती शेपटी किंवा मागचा खूर, आणि समोर माणसं वाकून टापांखालची माती उचलून कपाळाला लावताहेत.

माझ्या मते तिसरा फोटो सर्वांत खरा. घोडा त्यात जेमतेम आहे, पण घोड्याने काय घडवलं ते पूर्ण आहे. रिकाम्या खोगिरावर कोण आहे हे कॅमेऱ्याला दिसत नाही. वाकलेल्या पाठीवरून मात्र कळतं.

आठवण कशात राहते?

माती कपाळाला लावणारा माणूसही तो क्षण जपतोच आहे. त्याच्याकडे फोटो नसेल, पण हात जमिनीला लागलेला आहे. याला नुसती भावुकता म्हणू नका. अमेरिकेतल्या फेअरफील्ड विद्यापीठातल्या लिंडा हेन्केल या मानसशास्त्रज्ञ बाईंनी २०१४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना संग्रहालयात फिरवलं. काही वस्तू नुसत्या पाहायच्या, काहींचे फोटो काढायचे. दुसऱ्या दिवशी विचारलं, तर ज्यांचे फोटो काढले त्या वस्तू कमी आठवल्या. कॅमेऱ्याकडे काम सोपवलं की मन सुटी घेतं. पण त्याच प्रयोगात आणखी एक गोष्ट निघाली, ती आपण विसरतो. ज्यांना वस्तूच्या एखाद्या भागावर झूम करून फोटो काढायला सांगितलं होतं, त्यांच्या आठवणीत ही घट झाली नाही. त्यांना वस्तूचा बाकीचा भागही आठवला.

याचा अर्थ कॅमेरा फेकून द्या असा नाही. अर्थ असा की कशाकडे तरी नीट, नेमकं पाहावं लागतं. धुक्यातला घोडा हा नेमका नसतो. तो कुठलाही घोडा असतो, कुठल्याही डोंगरावरचा. दहा वर्षांनी तो फोटो पाहाल तेव्हा ‘छान होतं’ यापलीकडे काही आठवणार नाही. पण खोगिराच्या तंगाने अंगावर पडलेला केस गेलेला पट्टा, झिजलेला नाल, कपाळावर बांधलेला गोंडा, लगाम धरलेल्या हाताची बोटं, यातल्या एकाकडे जरी नीट पाहिलं असेल, तर वास येतो, आवाज येतो, त्या माणसाशी काय बोलणं झालं ते आठवतं. घोड्याचं नाव विचारलं असेल तर तेही आठवतं. आठवणीला पकडायला खुंटी लागते, आणि सुंदर फोटोच्या नादात आपण आधी खुंट्याच काढून टाकतो.

जासईतून पाहताना

आता शेवटच्या मुद्द्याकडे येतो. इथेच, या गावात, हे का बोलावंसं वाटलं ते सांगतो.

भात कापून झालं, की घाटावरचे मेंढपाळ कोकणात उतरतात. फलटण-साताऱ्याकडचे धनगर पिढ्यान्‌पिढ्या हे करत आले. पुढे मेंढ्या, मागे तट्टं. तट्टावर सगळं बिऱ्हाड: भांडी, अंथरूण-पांघरूण, पायाला दोरी बांधलेल्या कोंबड्या, कधी नुकतं जन्मलेलं कोकरू, कधी लहान पोर. शेतकरी रात्रीच्या मेंढ्या शेतात बसवून घेतो, खत मिळतं, त्याबदल्यात धान्य किंवा पैसे देतो. निसर्गातला घोडा म्हणाल तर आपल्या मुलखात हाच. डोंगर उतरलेला, गवतावर जगणारा, ऋतू पाहून चालणारा. दख्खनच्या या काटक तट्टांनाच आपण भीमथडी म्हणतो. २०२३ पासून जे आपलं राज्यगीत आहे, त्यात या तट्टांचा मानाने उल्लेख येतो. आपण उभे राहून ते गातो. आणि तेच तट्टू हायवेच्या कडेने, पाठीवर कोंबड्या आणि पातेली घेऊन चाललेलं दिसलं, की आपण हॉर्न वाजवतो. फोटो काढलाच, तर पातेलं येणार नाही असा काढतो. गाण्यातलं तट्टू आपलं, रस्त्यावरचं अडथळा.

पातेलं का नको? कारण त्याने ‘निसर्ग’ बिघडतो. हा जो डोळा आहे ना, माणूस आला की निसर्ग बिघडला असं मानणारा, त्याची ओळख जासईला वेगळी करून द्यायची गरज नाही. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली, ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घ्यायच्या ठरल्या. नकाशात जमीन होती. त्या जमिनीचा बांध कुणी घातला, मिठागरात पाणी कुणी घेतलं, खाजणात कोण उतरत होतं, हे नकाशात मावत नव्हतं. ‘आम्ही इथे आहोत’ एवढं सांगायला १९८४ च्या जानेवारीत, १६ आणि १७ तारखेला, लोकांना रस्त्यावर उतरावं लागलं. गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. दि. बा. पाटील याच गावचे. त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित जमिनीचा हक्क आला. ही कथा तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

घोड्याचा फोटो आणि भूसंपादन एकाच मापाने मोजायचं नाही, एवढं मलाही कळतं. फोटोने कुणाची जमीन जात नाही. पण पाहण्याची सवय एकच आहे. दृश्य मोकळं करून पाहायचं, मोकळं केलं हे विसरायचं, आणि मग म्हणायचं की इथे कुणी नव्हतंच. ज्या गावाने ‘कुणी नव्हतंच’ या वाक्याची किंमत मोजली, तिथल्या पोरांनी कॅमेरा हातात घेताना ती सवय तरी उचलू नये, असं मला वाटतं. आज अटल सेतू पलीकडे चिर्ल्याला उतरतो. आपला परिसर झपाट्याने फोटोत जातो आहे: पूल, ड्रोन, सूर्यास्त, खाडीतले पक्षी. त्यात माणूस किती उरतो, ते पाहत राहा.

एका प्रश्नाचं उत्तर

व्याख्यानाच्या आधी एका मुलाने विचारलं, की सर, मग काय प्रत्येक फोटोत घोडेवाला घालायचा? नुसतं सुंदर काही काढायचंच नाही का?

चांगला प्रश्न आहे. प्रत्येक फोटो म्हणजे पंचनामा नव्हे. चौकट म्हटली की काहीतरी बाहेर राहणारच, सगळं आत घेणारा फोटो कुणी काढलेला नाही. आणि घोडा सुंदर आहे, त्याच्या मानेची कमान, पाठीवरून सरकणारा उजेड, हे सुंदर आहे. त्याबद्दल माफी मागायची गरज नाही. मी फक्त एक कसोटी सांगतो. काढून टाकलेली गोष्ट परत घातली, तर फोटोचा अर्थ वाढतो की कोसळतो? गवतातून पायबंद दिसला आणि फोटो तरीही उभा राहिला, तर तो फोटो मजबूत आहे. पायबंद दिसताच ‘स्वातंत्र्य’ ही ओळ पुसावी लागली, तर तो फोटो त्या दोरीच्याच जिवावर उभा होता.

आणि घोडेवाला चेहऱ्यासकट यायलाच हवा, असंही नाही. लगामाला बसलेला ताण पुरतो. जमिनीवर पडलेली सावली पुरते. घोडा ज्या दिशेला कान करतो, तिथे कुणीतरी आहे, हे पाहणाऱ्याला कळतं. घोड्याचे कान फार बोलके असतात. मालकाचा आवाज आला की ते आधी वळतात, मान नंतर. तो वळलेला कान टिपा. निसर्ग येईल, घोडा येईल, आणि हाक मारणारा चौकटीबाहेर असूनही फोटोत येईल.

पुढच्या वेळी माथेरानला गेलात, की फोटो काढण्याआधी दोन प्रश्न विचारा: घोड्याचं नाव काय, आणि आज सकाळपासून किती फेऱ्या झाल्या. उत्तर ऐकून मग कॅमेरा उचला. उजेड तोवर थोडा बदलेल, बदलू द्या. संध्याकाळी घरी कुणी विचारलं, की हा घोडा कुठला, तर डोंगराचं नाव सांगून थांबावं लागणार नाही.